उंबऱ्याजवळची साष्टी

मे महिना उजाडला की आपल्या उपनगरांतील ख्रिस्ती कुटुंबांत गोव्याचे बेत ठरू लागतात. मडगावला उतरावे, कोलवा-बाणावलीच्या वाळूत चार दिवस घालवावेत, जुन्या गोव्यास जाऊन संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचे दर्शन घ्यावे आणि परतावे, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. मडगाव ज्या तालुक्यात मोडते त्याचे नाव साष्टी. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली प्रथम छापले गेले ते तेथल्याच रायतूर गावी. परंतु साष्टी नावाचा दुसराही एक प्रदेश आहे आणि आपण त्याच्यावरच राहतो, याचे स्मरण फार थोड्यांना असते. वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत पसरलेल्या आपल्या बेटाचे जुने नाव साष्टीच. सहासष्ट गावांचा समूह, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी स्थाने याच बेटावरची. सुट्टीतले तीन दिवस या उंबऱ्याजवळच्या साष्टीला द्यावेत, एवढेच येथे सुचवायचे आहे.

या बेटाचा अर्वाचीन इतिहास थोडक्यात असा. 1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यानंतरची दोनशे वर्षे फ्रान्सिस्कन व येशूसंघीय धर्मगुरूंनी येथे ख्रिस्तमंदिरे उभारली. 1737 साली मराठ्यांनी साष्टी घेतली आणि 1739 च्या मे महिन्यात वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या हाती आला. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीवर ताबा मिळवला आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने तो पक्का झाला. राजवटी अशा पालटत असताना कोळी, कुणबी, आगरी घरांतले ख्रिस्ती आपली शेती, मासेमारी व प्रार्थना सांभाळून राहिले. पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेल्यावर त्यांचा सांभाळ केला तो एतद्देशीय धर्मगुरूंनी. पुढे 1887 मध्ये, गोवा व मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांहून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. ज्या गावांच्या आधाराने ती ओळख मागितली, ती गावे निदान एकदा तरी पाहिलेली असावीत.

पहिला दिवस अंधेरीच्या पूर्वेस काढावा. महाकाली मार्गावरील कोंडिविटे येथे डोंगरात बौद्ध लेणी कोरलेली आहेत. याच कोंडिविट्याच्या परिसरात 1579 साली येशूसंघीयांनी संत योहान बाप्तिस्ताचे ख्रिस्तमंदिर बांधले. 1840 च्या सुमारास गावात साथ पसरली, लोक मरोळला जाऊन वसले आणि मंदिर ओस पडले. वेद्या, मूर्ती आणि बाप्तिस्म्याचे कुंड लोकांनी मरोळच्या ख्रिस्तमंदिरात नेले. माणसांनी स्थलांतर करताना आपले कुंड सोबत नेले, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्याजोगी आहे. मूळ वास्तूचे छप्पर उडालेले अवशेष आज ‘सीप्झ’ या औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणाआड उभे आहेत. आत जाण्यास परवानगी लागते, म्हणून आधी चौकशी करून निघावे.

दुसरा दिवस बोरिवलीच्या मंडपेश्वरासाठी राखावा. हे स्थळ पाहणे सोपे आहे, पचवणे अवघड. दहिसर नदीच्या परिसरात, आजच्या आय. सी. कॉलनीलगत, पोर्तुगीजांच्या कितीतरी शतके आधी कोरलेले हे शैव लेणे. आत नटराजाचे भव्य शिल्प आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो यांनी या लेण्याचे प्रार्थनामंदिर केले व वरच्या खडकावर मठ आणि विद्यालय उभारले. शिल्पे झाकली गेली. एका भिंतीवरच्या मूर्ती तासून तेथे क्रूस कोरला गेला. मराठ्यांच्या विजयानंतर लेण्यात पुन्हा शिवपूजा सुरू झाली आणि वरचा मठ कालांतराने भग्न झाला. आज भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली नटराज, क्रूस आणि मठाच्या उघड्या भिंती एकाच आवारात दिसतात.

आपल्यापैकी पुष्कळजण येथे केवळ मठाचे भग्नावशेष पाहून हळहळतात. दुसरे कोणी केवळ तासलेल्या मूर्ती पाहून संतापतात. दोघांचेही दुःख खरे आहे आणि दोघेही अर्धेच पाहतात. ज्या श्रद्धेने आपले पूर्वज घडले, तिच्या वाहकांनी दुसऱ्याचे देवस्थान बळकावले, हे त्या क्रुसासमोर उभे राहून मान्य करण्याने आपली श्रद्धा उणी होत नाही. उलट, आपल्या वास्तूंच्या विध्वंसाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच येतो. मुलाने ‘हे कोणी केले?’ असे विचारले, तर त्याला दोन्ही उत्तरे द्यावीत.

तिसऱ्या दिवशी समुद्र गाठावा. वेसाव्याहून तरीने मढला उतरून एरंगळला जाता येते. पावसाळ्यात ही तर बंद असते, म्हणून मेच्या मध्यापूर्वी गेलेले बरे. एरंगळच्या वाळूकाठी संत बोनाव्हेंचरचे ख्रिस्तमंदिर 1575 पासून उभे आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी येथे सण भरतो आणि कोळी, ईस्ट इंडियन, हिंदू, सारेच बैलगाडीच्या काळापासून तेथे जमत आले आहेत. मे महिन्यात मात्र तेथे निवांतपणा असतो. भरतीची गाज आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास, एवढीच सोबत. मंडपेश्वरानंतर एरंगळ पाहावे असे म्हणण्याचे कारण हेच की, ज्या इतिहासाने तेथे एकाची पूजा दुसऱ्याच्या जागी बसवली, त्याच इतिहासाच्या पोटी येथे सर्वांना आपलासा वाटणारा सणही जन्मला.

या तीन दिवसांना पैसा थोडा लागतो. पाण्याची बाटली, टोपी आणि घरातील एखादे वडीलधारे माणूस सोबत असले म्हणजे पुरे. गावांची जुनी नावे, विहिरी, क्रूस आणि मिठागरे कोठे होती हे त्यांना ठाऊक असते. अंधेरी-बोरिवलीच्या इमारतींखाली ही गावे वेगाने गडप होत आहेत. गोवा पुढल्या वर्षीही तेथेच असेल; मिठागर दाखवणारे आजोबा असतीलच असे नाही.