गोल करवत, फेन्स आणि पाचर

महिला दिनाला आपल्या बॅचच्या ग्रुपवर दरवर्षी एक यादी येते, ‘बायकांनी लावलेले शोध’. त्या यादीत गोल करवतीसमोर टॅबिथा बॅबिट हे नाव असतं. गोष्ट अशी की, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात शेकर नावाच्या पंथाची एक वस्ती होती. तिथे ही बाई सूत कातायची. १८१३च्या सुमाराला तिने दोन माणसांना मोठ्या करवतीने ओंडका कापताना पाहिलं. एका बाजूला ओढली की लाकूड कापलं जातं, परत नेताना मात्र नुसतेच श्रम. तिने पत्र्याच्या चकतीला दाते पाडले, चकती चरख्यावर बसवली आणि चाक फिरवून लाकूड कापून दाखवलं. शेकर लोक पेटंट घेत नसत, म्हणून तिचं नाव मागे पडलं.

गोष्ट छान आहे आणि ती खरी असती तर मला मनापासून आवडलं असतं. पण तारखा जुळत नाहीत. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या सॅम्युअल मिलरने १७७७ साली पवनचक्कीवर चालणाऱ्या लाकूडकापणीच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात गोल करवतीचा उल्लेख आहे, आणि तो असा जाताजाता केलाय की वाचणाऱ्याला ही वस्तू ओळखीचीच असावी. म्हणजे ती त्याआधीही कुठेतरी फिरत होती. शेकरांच्या दुसऱ्या वस्त्यांमध्येही हा मान वेगवेगळ्या लोकांना दिला जातो. बॅबिटबाईंना तीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली असणं शक्य आहे, पण पहिली करवत त्यांची नव्हे.

संपादक मंडळाने मला ‘तुझ्या क्षेत्राबद्दल लिही’ असं सांगितलं होतं. माझं क्षेत्र म्हणजे सॉफ्टवेअर. त्याबद्दल दिवसभर बोलून झाल्यावर पुन्हा लिहायची इच्छा होत नाही. तीन वर्षांपूर्वी मी घरच्या गच्चीवरच्या खोलीत एक छोटं लाकूडकापणीचं यंत्र आणून ठेवलं. ओट्यावर मावेल एवढं टेबल, मधल्या चिरेतून वर आलेलं दहा इंची गोल पातं, डाव्या हाताला रुळावर पुढेमागे सरकणारं टेबल आणि उजव्या हाताला एक सरळ आडोसा. या आडोशाला सुतार फेन्स म्हणतात. कडी सैल केली की तो उचलून बाजूला ठेवता येतो. हे यंत्र आल्यापासून फावल्या वेळात मी त्याचाच इतिहास वाचत बसते. वाचताना एक गोष्ट पटत गेली. करवत गोल कुणी केली, हा प्रश्नच जरा चुकलाय. चाक आणि करवत ज्याच्या समोर आहे अशा कुणालाही दातेरी चकती सुचू शकते. त्या फिरत्या चकतीपुढून लाकूड सरळ कसं न्यायचं, हे खरं कोडं होतं.

अठराव्या शतकाच्या शेवटी हे कोडं कुणाला पडलं होतं, तर इंग्लंडच्या आरमाराला. शिडाच्या जहाजावर दोर ओढायला कप्प्या लागतात. ७४ तोफांच्या एका युद्धनौकेला सुमारे हजार कप्प्या लागत आणि संपूर्ण आरमाराला वर्षाला लाखभर. (याच आरमारासाठी मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानात बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहायला मिळते.) कप्प्या पुरवण्याचं काम साउदम्प्टनच्या वॉल्टर टेलरच्या घराण्याकडे होतं. टेलर आपल्या कारखान्यात गोल करवत वापरायचा आणि त्याच्या कप्प्या उत्तम असत.

इथे सॅम्युअल बेंथॅम येतो. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमचा हा धाकटा भाऊ. जहाजबांधणी शिकून तो रशियात गेला आणि प्रिन्स पोत्योमकिनच्या जहागिरीतले कारखाने सांभाळू लागला. हाताखाली अडाणी मजूर पुष्कळ, कसबी माणसं मोजकीच. मग त्याने अशी गोल इमारत कल्पिली की मधे बसलेल्या एका जाणकाराला सगळ्यांवर नजर ठेवता यावी. थोरल्या भावाने तीच कल्पना उचलून तिचा ‘पॅनॉप्टिकॉन’ हा आदर्श तुरुंग केला. समाजशास्त्र शिकलेल्यांनी हे नाव ऐकलं असेल, पण त्याचं मूळ एका इंजिनिअरच्या अडचणीत आहे हे मला फार उशिरा कळलं.

सॅम्युअल १७९१ला मायदेशी परतला. त्या तुरुंगातल्या कैद्यांना काम काय द्यायचं? कैद्यांना सुतारकी येत नाही आणि शिकवायला वेळ नाही. तेव्हा ज्याला काहीच येत नाही त्याच्याकडूनही नीट काम निघेल अशी यंत्रं करायची, असं भावांनी ठरवलं आणि जेरेमीच्या लंडनमधल्या घरातच ती उभारली. १७९३च्या सॅम्युअलच्या पेटंटमध्ये लाकूडकामाच्या यंत्रांचा जवळजवळ सगळा संसार आहे. त्यात गोल करवतीचं टेबल आहे, पातं वर येण्यासाठी चीर आहे, पात्याला समांतर राहणारा आडोसा आहे आणि तिरकं कापण्यासाठी सरकता आधारही आहे. माझ्या गच्चीवरच्या यंत्राचा आराखडा बराचसा तिथेच तयार होता.

माझ्या पेशातल्या माणसाला यात ओळखीचं बरंच काही सापडतं. वापरणाऱ्याने चूक करू नये म्हणून त्याला सूचना देत बसण्यापेक्षा चूक करणंच अवघड होईल अशी रचना करायची. सुताराच्या मनगटात वीस वर्षांत उतरलेलं कसब बेंथॅमने एका पट्टीत उतरवलं. अर्थात या रचनेमागे कैदी होते, कमी मजुरी होती, हेही विसरू नये.

आणि ही युक्ती मुलींनाही ठाऊक होती, बरं का. आपल्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवण. दोन्ही वर्गांमध्ये एकच भिंत होती, पण मुलींनी पलीकडे जायचं नाही. भिंतीच्या अलीकडे आम्ही काय करत होतो? शिलाई मशीनच्या सुईशेजारी एक छोटी धातूची पट्टी स्क्रूने बसवायचो आणि कापडाची कड तिला टेकवून पुढे सरकवायचो. सुई जागेवर, कापड चालतं, पट्टीमुळे अंतर कायम. भिंतीच्या पलीकडे तेच लाकडाला लागू होतं. बॅबिटबाईंची चरख्याची गोष्ट लोकांना एवढी का आवडते, ते मला इथे समजतं.

पुढे सॅम्युअल आरमाराच्या कारखान्यांचा मुख्य निरीक्षक झाला. मार्क ब्रूनेलने कप्प्या बनवणाऱ्या यंत्रांची योजना आणली, हेन्री मॉड्सलेने यंत्रं घडवली आणि पोर्ट्समथच्या गोदीत ४५ यंत्रांचा कारखाना उभा राहिला. ११० कुशल कारागिरांचं काम १० साधी माणसं करू लागली. १८०८ साली तिथून १,३०,००० कप्प्या निघाल्या. टेलरचा करार गेला. गोल करवत त्याच्याकडेही होती. नव्हती ती लाकूड आपोआप योग्य जागी पकडणारी, सरकवणारी व्यवस्था. त्या ११० जणांचं पुढे काय झालं, हा प्रश्न हल्ली मला आमच्या ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर वरचेवर आठवतो.

नंतरचं शतक मी भराभर ओलांडते. वाफ आली, मग वीज आली. १९०६ साली जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फने मोठ्या पाट्यांसाठी सरकत्या टेबलाची करवत तयार केली. तिच्यात पाटी टेबलावर पक्की ठेवून टेबलच पात्याच्या कडेने चालवायचं असतं. फर्निचरच्या कारखान्यांत आज दिसणारी मोठी यंत्रं याच वंशातली. अमेरिकेत मिलवॉकीच्या डेल्टा कंपनीने १९३९ला ‘युनिसॉ’ काढली. मोटर टेबलाच्या पोटात आणि सारा कारभार आटोपशीर.

आता मुद्द्याचं. हा फेन्स काढता का यावा लागतो? फळी लाकडाच्या रेषांना धरून लांबीत चिरायची असेल तर ती फेन्सला टेकवून ढकलतात. फळी आडवी तोडायची असेल तर ती सरकत्या टेबलावर धरतात. पण दोन्ही आधार एकदम वापरले तर घात होतो. आडव्या कापात सुटलेला तुकडा पातं आणि फेन्स यांच्या मधे अडकतो. पात्याचे पुढचे दाते खाली जात असतात, मागचे वर येत असतात. अडकलेला तुकडा जरा तिरका झाला की मागचे दाते त्याला उचलून चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. मिनिटाला चार हजार फेरे घेणाऱ्या दहा इंची पात्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो. तुकडा लागतो तो पोटाला किंवा छातीला, आणि धक्क्याने हात पात्याकडे ओढला जाण्याची भीती वेगळीच. दोन चांगले आधार एकमेकांचे वैरी होतात, म्हणून आडवं कापताना एक उचलून बाजूला ठेवायचा.

लांबीत चिरतानाही एक संकट आहे. लाकडातला ताण मोकळा झाला की कापलेली फट मिटू लागते आणि पात्याला चिमटा बसतो. त्यासाठी पात्याच्या मागे एक पातळ पोलादी पट्टी उभी असते, ती फट मिटू देत नाही. हे नवं वाटतं, पण हाताने ओंडके कापणारे लोक याचसाठी चिरेत पाचर ठोकत आले आहेत. पंचतंत्रातलं माकड आठवा. सुतार जेवायला गेलेले, अर्धवट चिरलेला ओंडका, त्यात ठोकलेली पाचर आणि ती उपटत बसलेलं माकड. त्याचं पुढे काय झालं हे आपल्याला लहानपणी जरा सौम्य करून सांगितलं गेलं. जगभरच्या कारखान्यांत आजही लोक काही खास कामासाठी ही पट्टी काढतात आणि परत बसवत नाहीत.

कार्यशाळेतल्या सरांच्या डाव्या हाताची दोन बोटं एकेका पेराचीच होती, हे बॅचमधल्या सगळ्यांना आठवत असेल. मुलांमध्ये त्यावरून नाना कथा होत्या. सर एवढंच सांगायचे की शिक्षक होण्याआधी ते एका वखारीत होते. डावा हात म्हणजे फळी दाबून धरणारा हात. हे यंत्र वापरायला लागल्यावर मला ती बोटं दर रविवारी आठवतात.

बोटं वाचवण्याचा सर्वांत धाडसी उपाय १९९९च्या सुमाराला अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये निघाला. स्टीव्ह गॅस हा भौतिकशास्त्र शिकलेला पेटंट वकील. त्याने पात्यावर एक क्षीण विद्युतसंदेश सोडला. कोरडं लाकूड लागलं तर संदेश फारसा बदलत नाही, माणसाचं शरीर लागलं की तो एकदम पडतो. पडला की स्प्रिंगच्या जोराने ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो आणि पातं सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबतं. तेवढ्यात चार हजार फेऱ्यांचं पातं पूर्ण वेगात राहिलं असतं तरी जेमतेम एक तृतीयांश फेरा झाला असता. प्रात्यक्षिकं सॉसेजवर केली, एकदा स्वतःच्या बोटावरही. ओल्या लाकडाने यंत्र फसून उगाच थांबू शकतं, मग ठोकळा बदलावा लागतो आणि पातंही बहुधा जातं. पण खोटी धोक्याची घंटा आणि न वाजलेली घंटा यांतून निवडायचं असेल, तर इथे निवड सोपी आहे. मोठ्या कंपन्यांनी हे तंत्र घेतलं नाही, तेव्हा गॅस आणि त्याच्या साथीदारांनी स्वतःची कंपनी काढली. त्यांची यंत्रं २००४पासून विक्रीला आली. असं तंत्र सक्तीचं करणारा नियम अमेरिकेत झाला तर आपलं एक कळीचं पेटंट सर्वांना खुलं करू, असं त्या कंपनीने २०२४ला जाहीर केलं.

आपल्याकडे इंटिरिअरच्या कामावर सुतार काय वापरतात ते तुम्ही पाहिलं असेलच. हातात धरायचा कटर प्लायच्या फळीखाली उलटा बसवलेला, पातं वर, आणि फेन्स म्हणून प्लायची सरळ पट्टी दोन शिकंज्यांनी आवळलेली. बेंथॅमचं टेबलच, फक्त घोड्यांवर ठेवलेलं. अशा टेबलावरून उत्तम कपाटं निघतात, आणि बहुतेकांना मागे पाचर नसते.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या घरी काम चालू होतं, तिथल्या सुताराला मी याबद्दल विचारलं. “ताई, कटरला ती पट्टी लावायला जागाच नाही,” तो म्हणाला. बरोबर आहे, ते यंत्र उलटं बसवण्यासाठी बनवलेलंच नाही. मग आम्ही दोघांनी पात्याच्या मागे, चिरेच्या अगदी रेषेत, कापापेक्षा किंचित पातळ अशी लाकडाची पट्टी टेबलालाच स्क्रूने उभी केली. त्याने एक लांब फळी चिरून पाहिली, पट्टीची जागा केसभर उजवीकडे घेतली आणि पुन्हा चिरून पाहिली. चार दिवसांनी मी डोकावले, तेव्हा पट्टी होती तिथेच होती.