बग्गी आणि बहीण

आमच्याकडे २६ जानेवारी म्हणजे टीव्हीवरचं संचलन आणि आईच्या हातचा शिरा. यंदा संचलन बघता बघता मी आईला १९५० सालची गोष्ट सांगत होतो.

त्या दिवशी सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी दिल्लीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आताच्या राष्ट्रपती भवनात, राजाजींनी भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा वाचली. १० वाजून २४ मिनिटांनी सरन्यायाधीश हरिलाल कनिया यांनी डॉ. राजेंद्रप्रसादांना शपथ दिली. ३१ तोफांची सलामी झाली. नवे राष्ट्रपती आधी हिंदीत, मग इंग्रजीत थोडंसं बोलले. पाहुणे होते इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो. दुपारी अडीचला सहा घोड्यांची बग्गी आयर्विन स्टेडियमकडे निघाली. बग्गी ३५ वर्षं जुनी, साहेबाच्या काळातली. तिच्यावर अशोकस्तंभाचे सिंह मात्र नवे कोरे!

आणि आदल्याच रात्री राजेंद्रबाबूंची बहीण, भगवतीदेवी, गेली होती. शपथ झाली, संचलन झालं, आणि तिथून परतल्यावर त्यांनी बहिणीचे अंत्यसंस्कार केले.

मला वाटलं, आई म्हणेल, "केवढा मोठा माणूस!" ती म्हणाली, "मग दिवसभर तिच्याजवळ कोण बसलं होतं रे?"

मी गप्पच झालो. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

तसं पाहिलं तर ती शपथ पुढे ढकलण्यासारखी नव्हती. १९३० साली याच तारखेला पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली, म्हणून तर मुद्दाम हा दिवस निवडलेला. शिवाय घोषणा झाली की गव्हर्नर जनरलचं पद संपलं. त्या सहा मिनिटांनंतर कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं. हे सगळं मी आईला सांगितलंही. तिने मान डोलावली.

पण खरं सांगू? आत्या गेली तेव्हा मी ऑफिसच्या ऑडिटमध्ये अडकलो होतो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढे बरीच वर्षं मी स्वतःला राजेंद्रबाबूंचंच उदाहरण देत आलो... कर्तव्य आधी वगैरे. माझ्या ऑडिटसाठी कुठलं प्रजासत्ताक खोळंबलं होतं?

आत्याजवळ त्या रात्री आई बसली होती.

असो. शिरा गार झाला होता. आईने तो परत गरम करून आणला.