चांदीपुरा: भिंतीच्या भेगेतला व्हायरस

आजची गोष्ट एका माशीची आणि एका गावाच्या नावाची.

माशी म्हणजे सँडफ्लाय, आपल्या पेपरांतली वाळूमाशी. लांबी जेमतेम 2-3 मिलिमीटर. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते. लांब उडत नाही, टुणटुण उड्या मारत जाते. रक्त फक्त मादी पिते. दक्षिण अमेरिकेत हिची चुलत बहीण आहे, लुत्झोमिया. ब्राझीलचे डॉक्टर अडोल्फो लुत्झ यांच्यावरून हे नाव पडलं. ती लेशमानिया नावाचे परजीवी पसरवते. आपल्याकडे लुत्झोमिया नाही, पण फ्लेबोटोमस आणि सर्जेंटोमिया आहेत. त्यांची गोष्ट थेट नागपुरात सुरू होते.

साल 1965. नागपूर भागात डेंगी-चिकुनगुनियाची साथ होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत, तापाच्या रुग्णांचं रक्त तपासणं चालू होतं. दोन नमुन्यांत भलताच व्हायरस निघाला. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी 1967 साली तो जगापुढे मांडला आणि गावावरून नाव दिलं, चांदीपुरा. नात्याने हा रेबीजच्या खानदानातला.

आता आपल्या मराठवाड्याचा भाग ऐका. 1970 साली धांडा, रॉड्रिग्ज आणि घोष यांनी छापलं, की हाच व्हायरस औरंगाबादच्या वाळूमाश्यांत सापडलाय. म्हणजे व्हायरस कोण वाहून नेतं, याचा धागा आपल्या मातीतच मिळाला होता. 1980 मध्ये मध्य प्रदेशातल्या मेंदूज्वराच्या रुग्णाच्या रक्तातही तो दिसला. तरी सामान्य लोकांना हे नाव माहीतच नव्हतं.

मग 2003 उजाडलं. जून ते ऑगस्ट, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात 329 मुलं आजारी पडली, 183 गेली. जोराचा ताप, उलट्या, झटके, मग बेशुद्धी. कित्येकदा 48 तासांच्या आत खेळ खलास. त्याच वर्षी महाराष्ट्रातही मुलं दगावली. 2024 च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा तोच व्हायरस आला.

मी कोड लिहितो, त्यामुळे मला हे असं दिसतं: लॉगमध्ये वॉर्निंग 1965 पासून होती. सिस्टीम कोसळली तेव्हा, 38 वर्षांनी, सगळ्यांनी ती उघडली. शास्त्रज्ञांनी त्यांचं काम केलं होतं. ते गावापर्यंत पोचवायचं राहून गेलं.

आणि गाव म्हणजे कुठलं? माझं ताडकळस घ्या, किंवा परभणीकडचं कुठलंही. मातीच्या भिंतीची भेग, गोठ्यातली ओल, शेणाचा उकिरडा. वाळूमाशी इथेच अंडी घालते. म्हणून हा आजार बहुतेक वेळा गरिबाच्या घरातल्या लेकराला गाठतो. बंगल्याच्या प्लास्टरला भेगा कमी असतात ना!

अजून यावर खास औषध नाही, लसही नाही. म्हणून एवढं करा. भेगा लिंपून घ्या, उकिरडा घरापासून लांब ठेवा, बारीक जाळीची मच्छरदाणी लावा. आणि पावसाळ्यात लेकराला तापासोबत झटके आले, तर अंगारा-उतारा करत बसू नका. रात्र असली तरी थेट सरकारी दवाखाना गाठा. वेळेत मिळालेले उपचार जीव वाचवू शकतात.

चांदीपुराच्या लोकांचा यात काहीच दोष नाही बरं का. त्यांच्या गावाचं नाव तेवढं व्हायरसला चिकटलं. आपण ते नाव लक्षात ठेवूया, ते सावध राहण्यासाठी.

हा भाग गावाकडच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!