सरासरीच्या पावसाचा इतिहास

पावसाळा लागला की वर्तमानपत्रांतून एक वाक्य दर आठवड्याला भेटीस येते: सरासरीच्या अमुक टक्के पाऊस झाला. देशाची जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची सरासरी आज सुमारे ८७ सेंटिमीटर धरली जाते आणि तिच्या चार टक्के अलीकडे-पलीकडे पाऊस झाला, की तो सर्वसाधारण ठरतो. हा ८७ सेंटिमीटर पाऊस नेमका कोणाच्या शेतात पडतो, असे विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. मेघालयातल्या मौसिनरामला वर्षाकाठी अकरा हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, जैसलमेरला दोनशेच्या आसपास; आणि चेन्नईला तर खरा पाऊस या चार महिन्यांनंतर, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. सरासरी हा एक हिशेब आहे. तो कोणी, कशासाठी मांडला आणि त्यातून कोण वगळले गेले, याची हकिकत महाराष्ट्रापुरती पाहिली तरी पुष्कळ काही हाती लागते.

पावसाच्या या असमानतेची पहिली लेखी नोंद शोधू गेल्यास आपण कौटिल्याच्या अर्थशास्त्रापाशी पोहोचतो. (ग्रंथाच्या काळाविषयी मतभेद आहेत, त्यात आम्ही शिरत नाही.) शेतीवरच्या अधिकाऱ्याची, म्हणजे सीताध्यक्षाची, कामे सांगताना हा ग्रंथ निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाची मापे देतो. माप द्रोणाचे. जांगल, म्हणजे कोरड्या मुलखात सोळा द्रोण, पाणथळ मुलखात त्याच्या दीडपट, अवंतीत तेवीस, आणि अश्मकात 'अर्धत्रयोदश'. भाषांतरकार या संख्येचा अर्थ साडेतेरा असा करतात. संस्कृतातील मोजणीची रीत पाहता ती साडेबारा ठरावी, असे आम्हांस वाटते. पण दोन्ही आकड्यांनी यादीतला सर्वांत कोरडा मानकरी बदलत नाही. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा मुलूख. आजच्या मराठवाड्याचा काही भाग त्यात मोडतो. याच यादीत अपरान्ताचे, म्हणजे कोकणाचे, नाव आहे आणि त्याच्यापुढे आकडाच नाही. शब्द आहे 'अमित'. मोजता न येणारा.

आज हवामान खात्याच्या पन्नास वर्षांच्या सरासरीनुसार कोकण व गोव्याचा मोसमी पाऊस २,८०० मिलिमीटरांच्या पुढे जातो, विदर्भाचा ९४० च्या आसपास राहतो, मध्य महाराष्ट्राचा ७५० च्या आणि मराठवाड्याचा ६४० च्या. कौटिल्याच्या यादीतला क्रम मोडलेला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आणखी एक गोष्ट अशी, की त्या यादीत सर्व प्रदेशांची बेरीज करून भागाकार केलेला नाही. प्रत्येक मुलखाला त्याचे त्याचे माप दिले आहे, कारण त्या अधिकाऱ्याला त्यावरून कोठे काय पेरायचे हे ठरवायचे होते.

कारण सर्वांना ठाऊक आहे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले ओझे कोकणात व घाटमाथ्यावर टाकून देतात. पलीकडे उतरतात ते जवळजवळ रिकामे होऊन. एका सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस, खाली वाईला आठशेच्या आत आणि पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास! मात्र शालेय पुस्तके येथेच थांबतात, ते बरे नाही. विदर्भाचा आणि मराठवाड्याचा पाऊस मोठ्या अंशी बंगालच्या उपसागरात उठून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून असतो. म्हणजे कोकण आणि मराठवाडा हे एकाच ढगाचे थोरले-धाकटे वाटेकरी आहेत, हे म्हणणेही पुरते खरे नाही. कित्येकदा त्यांचे पाऊस वेगळ्या घरचे असतात.

हे आम्ही लिहीत आहोत ते उरण तालुक्यातील मोरा बंदराच्या आसऱ्याने राहून. समोर घारापुरी, मागे उरण. भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच येथे लागते आणि भरतीओहोटीचे व गाळाचे वेळापत्रक छापील वेळापत्रकाहून वरचढ असते. 'अमित' पावसाचा हा मुलूख. पण या अमितपणातही सर्वांचा पाऊस एक नव्हता. उरणची जुनी ओळख मिठाची. दिवाळीनंतर मिठागरे दुरुस्त करायची, समुद्राचे पाणी उथळ वाफ्यांतून खेळवायचे, उन्हात आटवायचे आणि मे महिना संपेपर्यंत पांढऱ्या राशी झाकून मोकळे व्हायचे. मे महिन्यातला एक वळीव मिठागरातल्या माणसाचे पीक अक्षरशः विरघळवून टाकी. त्याच तालुक्यात खारजमिनीवर भात पिकवणारा आगरी शेतकरी मात्र पहिल्या जोरदार सरींची वाट पाही, कारण मातीत उतरलेला खारटपणा त्या सरींनी धुऊन नेल्यावाचून भाताला जमीन मिळत नसे. एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन प्रार्थना! आणि त्या मिठागरातले मीठ पूर्वी वंजाऱ्यांच्या बैलांवर लादून घाट चढे आणि उतरताना त्याच पाठींवर देशावरचे धान्य येई. जास्त पावसाचा आणि कमी पावसाचा असे दोन मुलूख एकमेकांना या वाटांनी बांधलेले होते.

या दोन मुलखांचे वेगळेपण पंचांगाइतके दुसरीकडे कोठे स्पष्ट दिसत नाही. मृगापासून स्वातीपर्यंतची पावसाची नक्षत्रे कोकणात आणि देशावर एकच. पुनर्वसूला तरणा पाऊस आणि पुष्याला म्हातारा म्हणण्याची रीतही पुष्कळ ठिकाणी सारखी. पण नक्षत्राचा अर्थ बदलतो. कोकणात सारा जोर आषाढात, तरण्या पावसात लावणी उरकायची. देशावर सोलापूरकडे वर्षातला सर्वांत ओला महिना सप्टेंबर. उत्तरा-हस्ताच्या पावसाने जमिनीत ओल धरली तर शाळू पेरता येतो, आणि शाळू आला तर वर्षाची भाकरी आणि गुरांचा कडबा आला. तोच हस्ताचा पाऊस उरणात लोंबीला आलेले हळवे भात आडवे करतो. एकाला जो हत्ती पावतो, तो दुसऱ्याचे शेत तुडवतो. अशा देशात चार महिन्यांची एक बेरीज काय सांगणार? सोलापूरला जून-जुलैत भरपूर पडून हस्त कोरडा गेला, तर आकडा पुरा आणि कणगी रिकामी.

तरीही सरासरी आली आणि ती महसुलाच्या वाटेने आली. पेशवाई बुडाल्यावर दख्खनेत प्रिंगल याने बसवलेला सारा शेतकऱ्यांना झेपला नाही आणि गावे ओस पडू लागली. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. जमिनीची प्रत, हवामान, बाजाराचे अंतर हे सारे त्यांनी विचारात घेतले, सारा पुष्कळ उतरवला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. परंतु तो तीस वर्षांसाठी कायम केला. त्यामागचा तर्क असा, की चांगल्या वर्षांची शिल्लक वाईट वर्षांना पुरेल. हा तर्क सरासरीचा. इंदापूरच्या शेतकऱ्याला मात्र सरासरी वर्ष कधी भेटतच नव्हते. त्याला एकतर बरे वर्ष भेटे किंवा वाईट, आणि वाईट वर्षी साऱ्याचा हप्ता भरायला सावकाराचा उंबरठा. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत कर्जरोख्यांची होळी झाली ती या हिशेबाची एक पावती होती.

पुढच्याच वर्षी, १८७६ साली, दख्खनेतला पाऊस फसला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा, विजापूर; यादी आजच्या दुष्काळी याद्यांशी ताडून पाहावी. मुंबई बंदरात उतरलेले धान्य आगगाडीने घाटावर जाऊ लागले, पण ते व्यापाराच्या भावाने विकत घ्यायला लोकांजवळ पैसा नव्हता. सरकारी दुष्काळी कामांवर १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी उतरवून दिवसाला पौंडभर धान्याच्या हिशेबावर आणली गेली. मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी, ठिकठिकाणची माहिती जमवून सरकारपुढे मांडली. सरासरीच्या उलट दिशेने केलेले, गाव धरून केलेले ते काम होते. त्याचे महत्त्व आपल्या इतिहासलेखनाने पुरेसे ओळखले आहे असे आम्हांस वाटत नाही.

याच काळात पुण्यात सरकारी नोकरीत असलेला एक कोकणचा माणूस हा दुष्काळी मुलूख हिंडून आला. वासुदेव बळवंत फडके. त्यांचे जन्मगाव शिरढोण पनवेल तालुक्यातले, उरणच्या शेजारचे, अमित पावसातले. जेथे पावसाळ्यात अंगण दिसेनासे होते तेथे बालपण काढलेल्या माणसाने भेगाळलेली शेते आणि वाटेवर पडलेली माणसे पाहिली, तेव्हा त्याच्या मनात काय झाले असेल? त्यांचे १८७९ चे बंड पाठ्यपुस्तकांत येते. या बंडाच्या मुळाशी दोन पावसांमधली ही दरी होती, हे क्वचितच येते.

१८७५ साली हवामान खाते स्थापन झाले ते १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ चा ओरिसाचा दुष्काळ यांच्या धक्क्यामुळे. पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. हिमालयातले बर्फ आणि पुढचा मोसमी पाऊस यांचा संबंध लावून त्याने १८८० च्या दशकात भाकिते सुरू केली. १९०४ मध्ये आलेला गिल्बर्ट वॉकर हा गणिती. प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचे हेलकावे आणि आपला पाऊस यांचे नाते त्याने शोधले. आज आपण ज्याला 'एल निनो'ची भीती म्हणतो तिची एक बाजू तेथून आली. विद्वत्ता मोठी, यात शंका नाही. पण 'देशाचा पाऊस' नावाची एक वस्तू या भाकितांमुळे लोकांच्या डोक्यात पक्की झाली. त्या मानाने बंदरावरचा बावटा अधिक प्रामाणिक. तीन नंबरचा बावटा लागला, की तो या बंदरापुरता आणि या वाऱ्यापुरता बोलतो.

सरासरी फसते ती प्रदेशाप्रदेशांतच, असेही नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहराच्या कुलाबा वेधशाळेत ७३. या दोहोंची सरासरी काढून पाहावी. तेवढा पाऊस त्या दिवशी या दोन्ही ठिकाणी पडला नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पंचगंगा व कृष्णेच्या पाण्यात बुडाली होती आणि त्याच महिन्यात मराठवाड्यासाठी औरंगाबादेहून विमाने कृत्रिम पावसाकरिता उडत होती. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी गेले. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेच्या पुराने सोलापूर-धाराशिवकडची उभी पिके मातीसकट नेली. ज्या हस्त-उत्तरेची तेथे वाट पाहायची, तीच अशी आली.

मराठी साहित्याने ही असमानता आपल्या परीने नोंदवली आहे. 'बनगरवाडी'तल्या माणदेशाला पावसाने पाठ दाखवली आणि गाव उठले. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये विदर्भातला शेतकरी तेच दुःख कर्जाच्या भाषेत भोगतो. पण आमच्या वर्गात 'पाऊस' हा निबंधाचा विषय दिला, की कंटेनर यार्डात कामाला आलेल्या मराठवाड्यातल्या बापाची मुलेही हिरवे डोंगर आणि गरम भजी लिहितात. पाठ्यपुस्तकांनी घडवलेला पाऊस कोकणी आहे, एवढाच याचा अर्थ.

आता माप खाली उतरले आहे. राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित यंत्रे पाऊस मोजतात. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी, आणि मग पंचनामे. जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा हे कितीतरी बरे. तरी मंडळ म्हणजे दहा-पंधरा गावे, आणि यंत्र एका गावात. ढग मंडळाची हद्द पाळत नाही. यंत्रापासून दोन कोसांवर ज्याचे सोयाबीन वाहून गेले त्याला नोंदवहीतला ५८ हा आकडा दाखवला जातो, आणि नुकसान डोळ्यांदेखत झालेले असूनही ते सिद्ध करण्याचे काम त्याच्याकडेच येते. सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी गावोगावी हिंडून जे विचारले होते, तेच आज तलाठी कार्यालयाच्या दारात हातात ओल्या शेंगा घेऊन उभा असलेला माणूस विचारतो: माझ्या वावरात किती पडला, ते कोणी लिहिले आहे का?