शस्त्रक्रियेच्या टेबलावरून दंडावर

दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवलेली मोठ्या नाण्याएवढी पांढरी चकती आता मधुमेहींच्या घरांत ओळखीची होऊ लागली आहे. तिच्या तळातून निघालेला केसासारखा तंतू जेमतेम ५ मिलिमीटर आत, कातडीखाली पेशींच्या मधल्या द्रवात बसतो. तंतूच्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमचा लेप असतो. द्रवातल्या साखरेची त्याच्याशी गाठ पडली की रासायनिक क्रिया होते, तीत सुटलेले इलेक्ट्रॉन तंतूतून वाहतात आणि त्या अतिसूक्ष्म विजेवरून साखरेचा आकडा काढून तो फोनवर धाडला जातो. दर काही मिनिटांनी, रात्रंदिवस. या वस्तूचं कूळ सांगताना सहसा एक सरळ वंशावळ मांडतात. लघवीला मुंग्या लागतात हे टिपणारे आयुर्वेदाचे ग्रंथ, तो गोडवा साखरेचाच असं १७७६ मध्ये दाखवणारे इंग्लंडचे मॅथ्यू डॉब्सन, मग बेनेडिक्टचं निळं द्रावण, रंग बदलणारी पट्टी, बोट टोचून रक्त तपासणारं ग्लुकोमीटर आणि शेवटी सेन्सर. जणू अचूकता वाढत गेली, आकार घटत गेला आणि यंत्र आपसूक अंगावर येऊन बसलं. या वंशावळीत कुळाची एक बाजू गाळलेली आहे. साखर सतत मोजायची कल्पना ज्यांनी प्रथम मांडली, त्यांच्यासमोर आकडा वाचणारा रोगी नव्हताच. भूल दिलेला रोगी होता. जाग्या रोग्याच्या हाती आकडा आला तो रोग्यांनी हट्टाने मागितला म्हणून.

यावर कोणी म्हणेल की रोगी घरी तपासणी फार पूर्वीपासून करत होते. खरं आहे. परीक्षानळीत बेनेडिक्टचं ५ मिलिलिटर निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे ८ थेंब टाकायचे आणि उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा चढत गेला तर साखरही तशीच चढलेली. बोस्टनचे डॉक्टर इलियट जॉस्लिन तर ही तपासणी रोग्यांना आग्रहाने शिकवत. १९५६ मध्ये लघवीत नुसती बुडवायची पट्टी आली आणि उकळण्याची कटकटही गेली. पण लघवी फक्त चढलेली साखर सांगते, तीही उशिरा. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंडं ती बाहेर सोडत नाहीत, आणि हाती आलेला रंग काही तासांपूर्वीची हकिकत असतो. इन्शुलिन येण्याआधी एवढ्यावर भागत होतं. १९२२ मध्ये टोरांटोत रोग्याला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं आणि जीव वाचवणाऱ्या औषधाबरोबर एक नवा धोकाही घरात आला: साखर एकाएकी उतरणं. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं, शुद्ध हरपते. हा उतार लघवीला दिसतच नाही. नळी निळी ती निळीच. साखर १२० असो की ४०.

सतत मोजण्याची कल्पना मात्र इन्शुलिन घेणाऱ्यांच्या या अडचणीतून निघाली नाही. अमेरिकेतले शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांचं काम हृदयाच्या शस्त्रक्रियेशी निगडित होतं. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड त्यांनी १९५६ मध्ये जगापुढे मांडला. १९६२ मध्ये त्यांनी आणि चँप लायन्स यांनी सुचवलं की अशा इलेक्ट्रोडसमोर पातळ पडद्याआड एन्झाइम कोंडून ठेवलं, तर त्याच्याने ग्लुकोजही मोजता येईल. दंडावरच्या चकतीचं तत्त्व इथलंच. त्या लेखाचा विषय त्याच्या मथळ्यातच आहे: हृदय-रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत सतत निरीक्षण करणारी इलेक्ट्रोडची व्यवस्था. म्हणजे अखंड मोजणी ही घरी बोट टोचून रक्त तपासण्याच्या रिवाजाहून जुनी आहे आणि तिचा वाचक होता टेबलाशी उभा असलेला डॉक्टर. सत्तरच्या दशकात बायोस्टेटर आलं. ते रक्त सतत तपासून त्याप्रमाणे इन्शुलिन सोडायचं, पण खाटेशेजारी ठेवायचं ते अवजड यंत्र होतं आणि रोगी त्याला नळीने जखडलेला असायचा. तंत्र तयार होतं. रोग्याने स्वतः आकडा वाचावा ही अपेक्षा कोणाची नव्हती.

रक्तातली साखर दाखवणारं एम्स कंपनीचं मीटरही याच वळणाचं होतं. किलोभराहून जड आणि साडेसहाशे डॉलरच्या आसपास किमतीचं हे यंत्र फक्त डॉक्टरांना आणि रुग्णालयांना विकलं जाई. रिचर्ड बर्नस्टीन या इंजिनिअरने त्याची जाहिरात १९६९ मध्ये पाहिली. त्यांना लहानपणापासून मधुमेह होता. त्यांच्या सांगण्यानुसार यंत्राचा हेतू असा की रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्ध आणलेला माणूस दारूने पडला आहे की साखरेने, हे तातडीच्या विभागाला कळावं. इथेही रोगी बेशुद्धच! बर्नस्टीन यांची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावावर त्यांनी यंत्र मागवलं, दिवसातून अनेकदा रक्त तपासलं आणि कोणतं खाणं व किती इन्शुलिन साखर कुठे नेतं याचा हिशेब बसवला. वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचे लेख परत पाठवले, तेव्हा पंचेचाळिशीत त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश डॉक्टरांचे अभ्यास आले आणि रोगी घरी रक्त तपासू शकतात हे मान्य होऊ लागलं. १९९३ मध्ये टाइप १ मधुमेहाच्या १४४१ रोग्यांवरचा अमेरिका-कॅनडातला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: साखर काटेकोर ठेवली, तर डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. पण त्याच रोग्यांत साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग तिप्पट झाले. चढ रोखायचा तर उतार दिसायला हवा, हे आता आकड्यांनीच सांगितलं.

तरीही १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं सतत मोजणारं यंत्र दर ५ मिनिटांनी नोंद करायचं, तीन दिवस करायचं, आणि अंगावर बाळगणाऱ्याला त्यातला एकही आकडा दाखवायचं नाही. नोंदी नंतर डॉक्टर उतरवून घ्यायचे. डॉक्टर-कंपन्यांची बाजू इथे मांडली पाहिजे. सुरुवातीचे सेन्सर भरवशाचे नव्हते, त्यांना बोट टोचून वारंवार जुळवून घ्यावं लागे, आणि चुकीच्या आकड्यावर इन्शुलिन टोचून घेणं जिवावर बेतू शकतं. २००१ मध्ये मंजूर झालेलं ग्लुकोवॉच हे मनगटी यंत्र कातडीची आग करायचं आणि काही वर्षांत बाजारातून गेलं. सावधगिरी अनाठायी नव्हती. पण त्यावर उपाय सेन्सर सुधारणं आणि आकडा कसा वाचायचा हे शिकवणं होता, आकडा झाकणं नव्हे. रोगी तर त्याच काळात घरी बोट टोचून, दोन आकड्यांच्या मधल्या काळोखात, अंदाजानेच इन्शुलिन घेत होते. आकडा कोणाला दिसावा हा प्रश्न २०१३ मध्ये पालकांनी ऐरणीवर आणला. न्यूयॉर्क राज्यातले इंजिनिअर जॉन कॉस्टिक यांचा लहान मुलगा शाळेत असताना त्याच्या सेन्सरचा आकडा त्याच्याजवळच्या रिसीव्हर या छोट्या यंत्रावरच दिसे, घरच्यांना नाही. कॉस्टिक यांनी रिसीव्हर फोनला जोडला आणि आकडा इंटरनेटवर आणला. त्यातून नाइटस्काउट हा सर्वांसाठी खुला प्रकल्प उभा राहिला आणि ‘आम्ही थांबणार नाही’ ही मधुमेहींची घोषणा गाजली. सेन्सर बनवणाऱ्या कंपनीच्या अशाच सोयीला सरकारी मंजुरी मिळाली ती त्यानंतर, २०१५ मध्ये.

भारतात २०१५ मध्ये आलेल्या लिब्रे प्रो सेन्सरचा बेतही १९९९ च्या यंत्रासारखाच होता: चौदा दिवस चकती रोग्याच्या दंडावर, आकडे डॉक्टरांच्या यंत्रात. आकडा दाखवणं आणि झाकणं यांतला फरक केवळ मानापमानाचा नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२२ जणांच्या अमेरिकी चाचणीत, आकडा प्रत्यक्ष दाखवणाऱ्या सेन्सरने पंचविशीपुढच्या प्रौढांची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, अर्ध्या टक्क्याने उतरवली. मुलांत आणि तरुणांत तसा ठळक फरक पडला नाही. कारण शोधायला लांब जावं लागत नाही: आठवड्यातून सहा दिवस सेन्सर वापरणारे प्रौढांत ८३ टक्के होते, १५ ते २४ वयोगटात जेमतेम ३०. सेन्सर इलाज करत नाही. त्याचा आकडा बघून माणूस करतो. २०१६ मध्ये टाइप १ च्या रोग्यांवर लिब्रेची चाचणी झाली, तेव्हा साखर उतरलेल्या अवस्थेत जाणारा वेळ ३८ टक्क्यांनी घटला, कारण उतरणीचा बाण दिसताच रोगी काहीतरी गोड तोंडात टाकू शकत होते.

उरलेला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतले बहुतेक टाइप २ चे, आणि त्यांतल्या अनेकांना इन्शुलिन लागत नाही. त्यांना दर काही मिनिटांनी आकडा दाखवून नवी धास्तीच द्यायची का? कातडीखालचा द्रव रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की दाबाने आकडा खोटाच उतरलेला दिसतो. हे न सांगता चकती विकली, तर पोह्यांच्या बशीनंतरचा प्रत्येक चढ संकट वाटेल. २०२४ पासून अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही सेन्सर मिळू लागला, त्यामुळे ही भीती रास्त आहे. पण म्हणून जुनं कुलूप पुन्हा लावायचं कारण नाही. हक्क आणि गरज वेगवेगळ्या तपासाव्यात. इन्शुलिन न घेणाऱ्याला आपलं कोणतं जेवण साखर कुठवर नेतं हे कळायला वर्षातून एखादा पंधरवडा पुरावा, तोही कोणी समजावून सांगणार असेल तर. इन्शुलिन घेणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याची साखर उतरण्याचा धोका आपणच दिलेल्या औषधाचा आहे. तो धोका दाखवणारं साधन हा उपचाराचाच भाग ठरतो. आज दोन आठवड्यांच्या एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात, म्हणजे एकेकाळी डॉक्टरची पदवी नसलेल्याला नाकारला जाणारा आकडा आता पैसे नसलेल्याला नाकारला जातो. सरकारी दवाखान्यात टाइप १ च्या मुलाला इन्शुलिनची कुपी देताना त्याचा उतार दाखवणारा सेन्सरही द्यावा, आणि तो वाचायला त्याच्या आईवडिलांना मराठीत शिकवावं. या यंत्राचं कूळ नीट वाचलं तर त्यातून निघणारी मागणी हीच आहे.