देवमाशांच्या वाटेवर

नामपुरावरून वाहणाऱ्या मोसमचें पाणी गिरणेंतून तापीस आणि तापीबरोबर अरबी समुद्रास मिळतें. बागलाणांतील शेत आणि सागरांतील देवमासा यांचा असा एकाच पाण्याचा संबंध आहे. तथापि देवमासा म्हटला, कीं घाटावरच्या माणसाच्या डोळ्यांपुढें पुराणांतला तिमिंगिलच उभा राहतो. ह्या प्राण्याशीं मनुष्याचें वर्तन कसें पालटत गेलें, तें पाहण्यासारखें आहे.

इ. स. पूर्वी ३२५ मध्यें शिकंदराचा नौसेनापति निआर्कस सिंधूच्या मुखाकडून इराणी आखाताकडे निघाला. मकराणच्या किनाऱ्याजवळ एके पहाटें समुद्रांतून पाण्याचे फवारे उसळतांना दिसले. ते देवमाशांचे, असें वाटाड्यांनीं सांगतांच वल्हेकऱ्यांच्या हातांतलीं वल्हीं गळालीं. निआर्कसनें गलबतें युद्धाप्रमाणें रांगेंत लावलीं आणि रणघोष व तुताऱ्या यांचा एकच कल्लोळ करविला. देवमासे बुडी मारून मागल्या बाजूस निघाले. आरियन ह्या ग्रीक इतिहासकारानें हा वृत्तांत लिहून ठेवला आहे.

तेथें भय होतें; पुढें लोभ आला. कुबड्या देवमाशाचे इतर जातभाई उन्हाळ्यांत ध्रुवप्रदेशाकडे जातात. अरबी समुद्रांतील कळप मात्र बारमास येथेंच राहतो. कारण मोसमी वाऱ्यांमुळें अरबस्थानच्या किनाऱ्याशीं खोल, थंड पाणी वर येऊन अन्नाची विपुलता होते. हा कळप सुमारें ७०,००० वर्षें इतरांपासून अलग राहिला आहे, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें दाखविलें. नोव्हेंबर १९६६ मध्यें सोव्हिएट जहाजांनीं ओमान, पाकिस्तान व वायव्य हिंदुस्थान यांच्या समुद्रांत ह्यांपैकीं २३८ देवमासे मारले. ही गोष्ट दडविण्यांत आली. ती उघडकीस आली १९९० नंतर. ओमानच्या किनाऱ्याशीं उरलेल्यांचा २०११ सालीं प्रसिद्ध झालेला अंदाज अवघा ८२ आहे. १९७९ मध्यें हिंदी महासागर देवमाशांचें अभयक्षेत्र ठरला खरा. पण एवढ्या लहान कळपास एकेक जीव मोलाचा असतो.

आतां पाहण्याचें युग आलें आहे. हर्णे किंवा तारकर्ली येथून होडींत बसणाऱ्या प्रवाशास डॉल्फिनची पाठ आणि समुद्री गरुडाची झेप दिसते. वेंगुर्ल्याच्या खडकांतील गुहांत पाकोळ्यांचीं घरटीं असतात. २०१५ सालीं सिंधुदुर्गाच्या समुद्रांत संशोधकांना निळ्या देवमाशाची मादी आपल्या पिलासह दिसली. मात्र पाहणाऱ्यानें अंतर राखलें नाहीं, तर यंत्रहोडीचा कल्लोळ निआर्कसच्या तुताऱ्यांहून निराळा ठरणार नाहीं.

नोव्हेंबर २०२३ मध्यें गणपतीपुळ्यास देवमाशाचें एक पिलू किनाऱ्यास लागलें. लोकांनीं त्यास पाण्यानें भिजत ठेवलें आणि ओढून समुद्रांत नेलें. तें वाचलें नाहीं. परंतु ज्याला पाहून एके काळीं वल्हीं गळालीं, त्याच्यासाठीं पाण्यांत उतरणारे हात ह्या किनाऱ्यावर निर्माण झाले, हेंही इतिहासानें नोंदवावें.