काढ्याचा चहा झाला तेव्हा

काष्ठौषधींच्या दुकानात बाळंतकाढा आजही क्रमांकाने मागतात: एक, दोन आणि तीन. पहिला बाळंतपणानंतरच्या पहिल्या दहा दिवसांचा, दुसरा त्यापुढच्या दिवसांचा, तिसरा त्याच्याही नंतरचा. घरात माणसे दहा असली तरी तो काढा एकटी बाळंतीणच पिते, आणि बाळंतपणाचे दिवस सरले की तोही संपतो. या साध्या रिवाजात काढ्याचा सगळा इतिहास साठवलेला आहे. कोणी प्यायचा, किती प्यायचा आणि कधी थांबायचे, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय आपल्याकडे काढा चुलीवर चढत नसे. गेल्या काही वर्षांत काढ्यामुळे यकृताला इजा झाल्याची जी प्रकरणे समोर आली, त्यांचे मूळ परंपरेत शोधण्यापेक्षा या तीन मर्यादा सुटल्या त्यात शोधले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. काढा औषध होता तोवर त्याला वेसण होती. त्याचा चहा झाला आणि ती गळून पडली.

शार्ङ्गधराने आपल्या संहितेत काढ्याची कृती मापासकट दिली आहे. एक पळ भरड, तिच्या सोळापट पाणी, मातीचे भांडे, मंद आच, आणि आटून आठवा हिस्सा उरला की उतरवायचे. आजच्या मापात पळ म्हणजे सुमारे 48 ग्रॅम. म्हणजे पाऊण लिटरभर पाणी आटवून शंभर मिलिलिटरला थोडा कमी असा काढा हाती येतो. इतका दाट अर्क रोज उठून कोणी पीत नसे, आणि घरातल्या सगळ्यांसाठी पातेले भरून तो केलाही जात नसे. त्याच ग्रंथात याहून हलके प्रकार वेगळे सांगितले आहेत. रात्रभर थंड पाण्यात भिजवून गाळायचा तो हिम, आणि कढत पाणी ओतून, थोडा वेळ मुरवून गाळायचा तो फांट. स्वरस, कल्क, काढा, हिम, फांट ही उतरंड जड ते हलके अशी लावलेली आहे. आपण ज्याला हर्बल चहा म्हणतो तो खरे तर फांट. ही नावे केवळ पाठांतरासाठी नव्हती. एकाच मुळीतून किती सत्त्व पाण्यात उतरवायचे हे त्या नावांवरून ठरत असे. गुळवेल आणि अडुळसा यांसारख्या काही वनस्पती ओल्याच वापराव्यात आणि ओल्या म्हणून त्यांचे माप दुप्पट करू नये, इतका बारकावा शार्ङ्गधराने नोंदवला आहे. ज्याला प्रमाणाची फिकीर नाही तो असले नियम लिहीत बसत नाही.

वनस्पतीची ओळख हा या परंपरेतला दुसरा जागता विषय. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांना वनस्पतींची नावे-रूपे ठाऊक असतात, पण नाव-रूप कळले म्हणजे वापर कळला असे होत नाही. न ओळखलेले औषध विषासारखे, शस्त्रासारखे, अग्नीसारखे असते. गोव्यात 1563 साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या औषधीविषयक संवादग्रंथात एकेका द्रव्याची निरनिराळ्या भाषांतली नावे जुळवण्याचा खटाटोप दिसतो, तोही याच कारणाने. बाजारात एक नाव दोन मुळ्यांना असते आणि एका मुळीला चार नावे असतात. गुळवेलीचेच पाहा: गुडूची, अमृता, अमृतवेल, गिलोय. सरकारमान्य औषधांच्या 1868 च्या ब्रिटिश हिंदुस्थानी यादीतही तिला जागा मिळाली होती. पुढे नाशिकला 1907 साली आयुर्वेद महासंमेलन उभे करणाऱ्या शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘आर्यभिषक्’ लिहून हे ज्ञान मराठी घरांपर्यंत आणले. त्या घरांत पुस्तक आले खरे, पण मुळी ओळखून देणारा माणूसही तेव्हा जवळपास होता. पुस्तकाला त्याची जोड होती. तो माणूस हळूहळू नाहीसा झाला, ही या गोष्टीतली फार मोठी हानी आहे, आणि ती आपण मोजलेलीच नाही.

मधल्या काळात चहा आला. मळ्यांच्या चहाचा खप वाढवण्यासाठी 1903 च्या कायद्याने उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून पुढे देशभर प्रचार झाला. चहाने घराला नुसते एक पेय दिले नाही. पिण्याची एक रीत दिली. सकाळ-संध्याकाळ, सर्वांना सारखा, पाहुण्याला आधी, आणि कधी थांबायचे हा प्रश्नच नाही. गवती चहा, आले, तुळशीची पाने या रीतीत सहज सामावली, कारण ती स्वयंपाकघरातलीच होती. कोकण-गोव्यातला धने-जिऱ्याचा कषायही याच जातीचा: पोटाला हलका आणि रोज चालणारा. इथवर काही बिघडले नव्हते. 2020 च्या साथीत मात्र या पेल्यात गुळवेल उतरली, आणि उतरली ती चहाच्या रीतीने. आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यात गुळवेल नव्हती. त्यात तुळस चार भाग, दालचिनी व सुंठ दोन-दोन भाग, मिरे एक भाग, आणि तीन ग्रॅम पूड दीडशे मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात, दिवसातून एकदा-दोनदा, असे माप होते. घराघरांत मात्र मूठमूठ मुळ्या टाकून तास-तासभर आटवलेले पाणी महिनोन्महिने प्यायले गेले. भीती मोठी होती आणि हाताशी दुसरे काही नव्हते. त्या माणसांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही.

सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना असे सहा रुग्ण आढळले, ज्यांच्या यकृताला झालेली इजा गुळवेलीशी जोडता येत होती. त्यांनी ते 2021 साली प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून 43 रुग्णांची नोंद मांडली. त्यात गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यम काळ 46 दिवसांचा होता. हा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो, कारण तापासाठी घेतलेला काढा ताप उतरल्यावर थांबतो, तो शेचाळीस दिवस चालत नाही. इजेचे स्वरूपही ध्यानात घेण्यासारखे आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते, त्या प्रकारच्या सुजेशी ते मिळतेजुळते होते. प्रतिकारयंत्रणेला चेतवणे हाच गुळवेलीचा गुण मानला जातो. ज्याच्या शरीरात ती यंत्रणा आधीच बिथरण्याच्या बेतात आहे, त्याला हा गुण बाधू शकतो.

यावर आयुष मंत्रालयाचा आक्षेप असा होता की, रुग्णांनी खरी गुळवेल घेतलीच नसेल. तिच्याच कुळातली, दिसायला सारखी पण घातक अशी दुसरी वेल घेतली असेल. त्या वेलीच्या खोडावर चामखिळींसारखे उंचवटे असतात आणि तोडल्यावर दुधाळ चीक येतो. आक्षेप वजनदार आहे. पण तो मान्य केला तरी माझे म्हणणे ढळत नाही. कुंपणावरून तोडून आणलेली वेल कोणती हे घरात कुणालाच सांगता येत नसेल, तर चरकाने दिलेला इशारा शब्दशः खरा ठरला. दुसरा आक्षेप संख्येचा: कोट्यवधी लोक प्यायले, त्यातल्या 43 जणांचे काय घेऊन बसलात? नोंद झालेली प्रकरणे म्हणजे घडलेली सगळी प्रकरणे नव्हेत, हे एक. शिवाय आजाऱ्याने औषधाचा दुर्मीळ धोका पत्करणे समजण्यासारखे आहे, कारण समोर आजार असतो. धडधाकट माणूस तोच धोका पत्करतो तेव्हा पारड्याच्या दुसऱ्या बाजूला काय असते? तिसरे नेहमीचे उत्तर असे की पॅरासिटामॉलनेही यकृत बिघडते. बिघडते, आणि म्हणूनच दिवसाला किती घ्यायचे हे आपण विचारतो. गुळवेलीबद्दल तोच प्रश्न विचारला तर तिचा अपमान होतो असे का वाटावे?

आमच्या आजीने जन्मभर काढे केले, हा आक्षेप मी सर्वात आदराने घेते. पण आजीच्या काढ्यात काय होते हे पाहावे. खोकल्याला ज्येष्ठमध घालायची ती चिमटीने, दोन-तीन दिवस. आज आपल्याला ठाऊक आहे की ज्येष्ठमधातले ग्लिसरायझिन रोज पोटात गेले तर रक्तातले पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. युरोपातल्या तज्ज्ञ समितीने त्याची रोजची मर्यादा शंभर मिलिग्रॅम सुचवली आहे. दालचिनीचेही तसेच. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन नावाचे यकृताला न मानवणारे द्रव्य भरपूर असते, सिंहली पातळ सालीत नगण्य. आठवड्यातून एकदा मसालेभातात पडणाऱ्या तुकड्याने काही होत नाही. तोच तुकडा रोज दोनदा आटवून प्यायला की हिशेब बदलतो. आजीचे माप तिच्या बोटांत होते, आणि ते लिहून ठेवायला तिला कुणी सांगितले नाही.

म्हणून रोज प्यायचे असेल तर ते फांटाच्या रीतीने करावे. गवती चहा, आले, तुळस, धने, जिरे यांवर कढत पाणी ओतून, पाच-सात मिनिटे झाकून, गाळून घ्यावे, आटवू नये. आटवायचेच असेल तर मातीचे किंवा स्टीलचे भांडे घ्यावे, कल्हई उडालेले पितळेचे नको. गुळवेल, ज्येष्ठमध, अडुळसा यांना पेय न मानता औषध मानावे, आणि वैद्याने माणूस पाहून, दिवस मोजून दिल्याशिवाय घेऊ नये. यकृताचा जुना आजार, थायरॉइडचा किंवा सांध्यांचा स्वप्रतिकारक आजार असलेल्यांनी गुळवेल टाळावी. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे, कारण साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. गर्भवतीने यातले काहीच आपल्या मनाने घेऊ नये. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना गेली, अंगाला खाज सुटली, तर काढा त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करावी आणि डॉक्टरांना काढ्याचे नाव सांगावे. पुष्कळ रुग्ण ते सांगत नाहीत, कारण काढा म्हणजे औषध असे त्यांना वाटतच नाही.

कायद्याचीही बाजू आहे. बिबा, बचनाग, धोतरा, गुंज अशा विषारी द्रव्यांची यादी औषध नियमांत आहे आणि ती ज्या आयुर्वेदिक औषधांत पडतात त्यांच्यावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. गुळवेल विषारी नाही, आणि तिला त्या यादीत घालावे असे मी म्हणत नाही. पण बाळंतकाढ्यावर एक, दोन, तीन असे आकडे असतात, तसे गुळवेलीच्या पाकिटावर दिवसांचे आकडे छापणे अवघड नाही: वनस्पतीचे शास्त्रीय नाव, एका वेळची मात्रा, जास्तीत जास्त किती दिवस, आणि कोणी घेऊ नये.